‘तुम्हाला काय जातंय बोलायला’ : अहमदपूरच्या एका पालकांना उत्तर

भाऊ, नमस्कार.

परदेशातल्या एमबीबीएसचा खर्च आणि धोके यांवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, ते बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. तुमचं म्हणणं असं: ‘तुम्हाला सरकारी सीट भेटली, फी नावाला भरली, आता शेतकऱ्याच्या लेकराला शहाणपण शिकवता. तुम्हाला काय जातंय बोलायला? इथं प्रायव्हेटला कोटीच्या घरात पैसा लागतो, उझबेकिस्तानात तीस लाखांत काम होतं. परत आल्यावरची परीक्षा मुद्दाम अवघड काढतात. युद्धाचं म्हणाल तर माणूस रस्त्यावरही मरतो. मोठी पोरगी तिकडं थर्ड इयरला आहे, तुमचं वाचून तिच्या आईनं जेवण सोडलं. धाकटी लातूरला रिपीटरच्या बॅचला आहे, तिचं काय करू तेही सांगा.’

सरकारी सीटचं खरं आहे. मी अंबाजोगाईला शिकलो आणि माझ्या बापाला वावर विकावं लागलं नाही. मराठवाड्यातल्या पोरांना जागा कमी पडल्या हेही खरं. सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना आणि तीस टक्के बाहेरच्यांना, असा सत्तर-तीसचा प्रादेशिक कोटा २०२० पर्यंत आपल्या मानेवर होता. तो गेला, मग धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली इथं सरकारी कॉलेजं निघाली आणि आज आठही जिल्ह्यांत एक तरी आहे. प्राध्यापक पुरेसे आहेत का, यावर वेगळा लेख होईल. पण नीटला ७२० पैकी साडेतीनशे मार्क असलेल्या पोरीला यातलं एकही दार उघडत नाही, हे मला कळतं. त्यामुळे तुम्ही तिला का पाठवलंत, हा माझा प्रश्नच नव्हता. कन्सल्टन्सीवाल्यानं तुम्हाला जो हिशोब दाखवला, तो अर्धा होता, एवढंच मी म्हणत होतो.

तीस लाखांचा आकडा पदवीपाशी थांबतो. पदवी हातात घेऊन पोरगी मुंबईला उतरते तेव्हा कायद्याच्या दृष्टीनं ती डॉक्टर नसते. त्यासाठी एफएमजीई, म्हणजे परदेशातून एमबीबीएस करून आलेल्यांची पात्रता परीक्षा, पास व्हावी लागते. ती वर्षातून दोनदा होते, साधारण जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. एक अटेम्प्ट हुकला की सहा महिने गेले. त्यात क्लास आला, खोलीभाडं आलं, बँकेचं व्याज तर थांबतच नाही. पास झाल्यावर राज्याच्या मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी, मग इंटर्नशिपच्या जागेची वाट, मग १२ महिने इंटर्नशिप. कॉलेजांत या मुलांना जागा मोजक्याच मिळतात. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं त्यासाठी साडेसात टक्क्यांची मर्यादा घातली होती. सहा वर्षं म्हणून सुरू झालेलं प्रकरण आठव्या-नवव्या वर्षात जातं. तोवर घरातला धाकटा भाऊ इंजिनिअर होऊन कमवायला लागलेला असतो आणि ही अजून बापाकडे पैसे मागते. या दोन-तीन वर्षांत ही मुलं आतून किती खचतात, ते कुठल्याच ब्रोशरमध्ये छापत नाहीत.

परीक्षेबद्दल तुमचं अर्धं मान्य. इथून एमबीबीएस झालेल्याला ही चाळणी लागत नाही आणि परदेशातून आलेल्याला लागते, यात खटकण्यासारखं आहेच. दोघांना एकच परीक्षा म्हणून नेक्स्ट आणायचं ठरलं, २०२३ मध्ये त्याचे नियमही आले. पण इथल्या विद्यार्थ्यांनीच विरोध केला आणि ते लांबणीवर पडलं. मात्र ‘मुद्दाम अवघड’ हे मला पटत नाही. ३०० प्रश्न, १५० ला पास, चुकलं तर मार्क कापत नाहीत, कितीही वेळा बसता येतं. तरीही २०२३ मध्ये शंभरात सतराच्या आसपास पास झाले, २०२४ मध्ये पंचवीस-सव्वीस. हे आकडे त्या त्या वेळी बसलेल्यांचे आहेत आणि त्यात जुने नापासही पुन्हा मोजले जातात. म्हणजे शंभरातले पंच्याहत्तर कायमचे बुडाले असं नाही, हे मोठीच्या आईला नक्की सांगा. पण पहिल्या झटक्यात निघणारे थोडेच, हेही तितकंच खरं. ज्यांचं निघतच नाही, त्यातले काही कुठल्या तरी हॉस्पिटलात ‘असिस्टंट’ म्हणून रात्रपाळी करतात. २०२२ च्या डिसेंबरमध्ये सीबीआयनं परीक्षा पास न होता नोंदणी मिळवलेल्या ७३ जणांवर गुन्हा दाखल केला. त्यांच्याही आईबापांनी काही तरी विकलंच असेल.

एवढे नापास का होतात? पोरं ढ असतात म्हणून नव्हे. बऱ्याच ठिकाणी भारतीयांची वेगळी बॅच असते. शिकवणं इंग्रजीत, हॉस्टेल आपलं, मेसमध्ये वरण-भात, रूममेट नांदेडची. सोय उत्तम. पण वॉर्डातला पेशंट उझबेक बोलतो किंवा रशियन. ‘पोटात कुठं दुखतं, कधीपासून, जेवल्यावर वाढतं का’ एवढं विचारता आलं नाही, तर पलंगाशेजारी उभं राहून विद्यार्थी काय शिकणार? तो भिंतीला टेकून उभा राहतो आणि सही करून घेतो. आमच्याकडे इंटर्नशिपला आलेल्या काही मुलांना औषधांची नावं तोंडपाठ असतात, पण पेशंटला प्रश्न विचारताना ती चाचरतात, अगदी मराठीतसुद्धा, कारण तो सरावच झालेला नसतो.

दुसरं म्हणजे आजार. आमच्या कॅज्युअल्टीत पावसाळ्यात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक पिऊन आलेला शेतकरी असतो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झालेल्या, तोंडाला फेस, छातीत घरघर. त्यावरचा उतारा अॅट्रोपिन किती द्यायचं, कधी थांबायचं, हे पुस्तकात आहे, पण हात बसतो तो चार पेशंट स्वतः सांभाळल्यावर. तेच घोणस, मण्यार आणि लाल विंचवाचं. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून जीव वाचवता येतात, हे जगाला दाखवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जालना जिल्ह्यातले. त्यांनी ते महाडला पेशंटच्या उशाशी रात्री काढून शोधलं. ताश्कंदच्या वॉर्डात लाल विंचवाचा पेशंट कुठून येणार? यात तिथल्या कॉलेजाचा दोष नाही. ते त्यांच्या देशाला लागणारे डॉक्टर घडवतात. आमच्या विभागातला एक उत्तम सहकारी रशियात शिकलेला आहे, पण तो तिथल्या पेशंटशी रशियनमध्ये भांडायचासुद्धा.

युद्धाचं तुम्ही उडवून लावलंत. रस्त्यावर मरणं आणि चौथ्या वर्षात कॉलेज बंद पडणं, यांची बरोबरी होत नाही. चीनमध्ये शिकणारी मुलं २०२० पासून अडीच वर्षं घरी बसली. युक्रेनमधून २०२२ मध्ये हजारो परत आली. २०२४ च्या मे महिन्यात बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलवर जमाव चालून गेला. अशा वेळी कन्सल्टन्सीवाल्याचा फोन लागत नाही.

आता मोठीबद्दल, आणि हे जरा नीट वाचा. तिला परत बोलावू नका. १८ नोव्हेंबर २०२१ नंतर प्रवेश घेतलेल्यांना नवे नियम लागू आहेत: किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि त्या देशात तिथल्या नागरिकासारखाच प्रॅक्टिसचा परवाना मिळण्याची पात्रता. ही शेवटची अट कन्सल्टन्सीवाले गिळून टाकतात. युनिव्हर्सिटीकडून तसं लेखी पत्र तिनं आत्ताच घ्यावं, फायनल इयरला नाही. कोणी ‘दुसऱ्या स्वस्त युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर करून देतो’ म्हणालं तर हात जोडा. सगळं शिक्षण एकाच संस्थेत व्हायला लागतं. भारतातल्या इंटर्नशिपसह सगळं प्रवेशापासून दहा वर्षांत संपवायचं आहे. सुट्टीत घरी आली की तिला जवळच्या सरकारी दवाखान्यात ओपीडीत नुसती बसायला पाठवा, डॉक्टर ओळखीचा असेल तर हरकत घेणार नाही. आणि तिथली भाषा. रोज एका पेशंटशी दहा मिनिटं बोलायचं, चुकलं तरी.

धाकटीचा निकाल लागल्यावर लातूर-नांदेडच्या हॉटेलांत सेमिनार सुरू होतील. ‘आयोगाची मान्यता असलेली युनिव्हर्सिटी’ असं स्क्रीनवर येईल. आयोग परदेशी कॉलेजांची अशी मान्य यादी काढतच नाही. मान्यतेचं पत्र मागा आणि माणसाचा चेहरा बघा. मार्क सरकारी सीटच्या खाली राहिले, तरी आधी राज्याच्या प्रवेश प्रक्रियेच्या सगळ्या फेऱ्या होऊ द्या. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि तुम्ही ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसत असाल, तर केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश मिळालेल्या मुलींचं शिक्षण शुल्क २०२४ पासून शासन भरतं. हॉस्टेल-मेसचा खर्च वेगळा, आणि कोणत्या कॉलेजाला ते लागू आहे हे माहितीपत्रकात तपासून घ्या. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेजं आहेत, तिथला प्रवेशही नीटवरच होतो. आपल्या भागात गुरांच्या डॉक्टरला काम कमी पडलेलं मी तरी पाहिलं नाही.

आणि एवढं सगळं करून परदेशातच पाठवायचं ठरलं तर पाठवा. फक्त तीस लाखांच्या पुढच्या तीन वर्षांचे पैसे वेगळे काढून ठेवा आणि वावराचा तेवढा तुकडा आत्ता विकू नका. युनिव्हर्सिटीचे कागद मेलवर पाठवा. परवान्याच्या अटीचं कलम त्यात आहे की नाही ते वाचून कळवतो.