सभा अष्टमीला ठेवा

किनारा आणि हवामानबदल यावर तालुक्याला बैठक आहे म्हटलं की कोण कोण येणार ते न बघताही सांगता येतं. अधिकारी, रिसॉर्टवाले, बागायतदार, एखादे निवृत्त प्राध्यापक, झालंच तर मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. (चेअरमन म्हणजे होडीमालक. त्यांच्या होडीवरच्या खलाशाचं विचारू नका.) खाडीत कालवं-तिसऱ्या (शिंपल्या) काढणाऱ्या बायका आणि कातकरीवाडी शेवटच्या पानावर, 'लाभार्थी' म्हणून.

खरं तर खाडी बदलतेय हे आधी त्यांनाच कळतं. कोयतीने खडकावरची कालवं फोडणारी, गुडघाभर चिखलात तिसऱ्या चाचपणारी बाई सांगेल, कुठला वाळूचा पट्टा गाळाखाली गेला, उधाणाचं पाणी बांधाला कुठे खिंडार पाडून शेतात शिरतं. आमच्या शेजारच्या काकी म्हणाल्या, "सर्व्हेवाल्यांनी इचारलान, घर पक्का हाय काय. खाडीचा कोणी इचारलानच नाय."

३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. फळबागांना हेक्टरी ५० हजार भरपाई जाहीर झाली. म्हणजे सातबारा ज्याचा, पैसे त्याचे. नवा माड धरायला पाच-सात वर्षं लागतात. तोवर माडावर चढून नारळ पाडणारा पाडेली काय करणार? त्याची मजुरी हेक्टरात बसत नाही. त्याच महिन्यात, आम्ही कौलं-पत्रे शोधत फिरत असताना, पर्यावरण मंजुरीच्या नव्या नियमांचा मसुदा हरकतींसाठी खुला होता, तोही इंग्रजी-हिंदीत! तो २२ भाषांत द्या, असं ३० जूनला दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

"बोलावलं तरी येत नाहीत हो" हे ठरलेलं उत्तर. कसे येतील? अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप उतरतं, तेच कमाईचे दिवस. सकाळी खाडीत, मग कालवं सोलून बाजार. तुम्ही नेमकी तेव्हाच अकराची सभा लावता. अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते, पाणी फारसं उतरत नाही. तेव्हा ठेवा की! कातकरी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या कामाला जातात, ते पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत वाडीवर जाऊन 'प्रतिसाद अल्प' लिहिणाऱ्यांचं मला हसू येतं.

आणि रोजाचे पैसे द्या. व्याख्यात्याला मानधन, वर गाडीभाडं. मग खाडी सोडून येणाऱ्या बाईचा बुडालेला रोज द्यायला बजेट का नसतं? नुसता चहा-वडा नको. आणि त्या जे सांगतील ते इतिवृत्तात त्यांच्या नावानिशी लिहा, 'स्थानिक महिलांनी समस्या मांडल्या' असं नको.