भाडं नंतर, आधी दिशा बघा
जहाजाने अटलांटिक ओलांडण्यावरच्या लेखात म्हटलंय, एकाच बनावटीची दोन जहाजं असतील तर स्वस्त तिकीट घ्यावं; हे मत मला पटत नाही. युरोपातून अमेरिकेकडे जाताना घड्याळ अधूनमधून तासभर मागे घेतात, झोप वाढते; उलट दिशेने तीच झोप कापली जाते. आमच्या सहकारनगरातल्या ज्येष्ठांना हा फरक फार जाणवेल. मग डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडा. मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन कमी हलते, आणि वर-खाली दोन्हीकडे केबिनच असाव्यात. डोक्यावर बुफे आला की पहाटेपासून खुर्च्या सरकवल्याचा खरखराट! क्वीन मेरी २ या जहाजाची गोष्ट वेगळी, ते मुळात अटलांटिक ओलांडण्यासाठीच बांधलेलं. आणि पुणेकरांनो, व्हिसा दोन्ही काठांचे लागतात, पैसे भरण्याआधी तेवढं बघाच.