नानांना ‘निसर्गप्रेमी’ म्हणू नका

सकाळच्या कार्यक्रमातून परत आल्यापासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसलेय. कुठलं कॉलेज ते लिहीत नाही, कुणी विचारूही नका.

नानांचा सत्कार होता. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी ओळख करून दिली, “राजवाड्याजवळचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान सांभाळून झाडांची आवड जोपासणारे आपले निसर्गप्रेमी काका.” टाळ्या. मग शाल, नारळ आणि कुंडीतला एक छोटा कॅक्टस. त्या कॅक्टसच्या डोक्यावर गोंदाने चिकटवलेलं वाळकं केशरी फूल. ज्या माणसाने ३४ वर्षं या पाना-खोडात पाणी साठवणाऱ्या मांसल वनस्पतींच्या मागे घालवली, त्याच्या हातात चिकटवलेलं फूल! नाना हसून “आभारी आहे” म्हणाले आणि खाली उतरले. मला तिथेच उठून बोलायचं होतं. आईने हात दाबून बसवलं.

मी पाचवीत असतानाची गोष्ट. पहाटे साडेपाचला नानांनी मला उठवलं, गॅलरीतल्या पानफुटीचा एवढासा तुकडा तोडून दिला. “चाव, चव बघ आणि थुंकून टाक.” आंबटढाण होतं, आंबटचुक्यासारखं. संध्याकाळी दुकान बंद करून आल्यावर त्याच झाडाचा दुसरा तुकडा. आता आंबटपणा नाहीच, वर थोडं कडसर. “का गं असं?” एवढंच विचारलं त्यांनी. उत्तर दिलं नाही, कारण त्यांनाही माहीत नव्हतं. आठवडाभर आम्ही रोज दोन वेळा चव घेतली आणि नानांनी वहीत लिहिली. तारीख, वेळ, ऊन की ढग, चव.

याला आवड म्हणतात? आवड मलाही आहे, माझ्याही खिडकीत चार कुंड्या आहेत.

उत्तर त्यांना दोन वर्षांनी एका जुन्या पुस्तकात सापडलं. पानफुटी रात्री पानांची छिद्रं उघडते, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि आम्ल करून साठवते. दिवसा उन्हात छिद्रं बंद, म्हणजे पाणी उडून जात नाही. साठवलेल्या आम्लातून दिवसभर अन्न तयार होतं आणि संध्याकाळपर्यंत आंबटपणा संपतो. त्याच पुस्तकात होतं की बेंजामिन हेन नावाच्या माणसाने भारतातच पानफुटी चावून हे टिपलं होतं आणि ते १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने छापलं. नाना त्या रात्री जेवले नाहीत नीट. आनंदाने. आपण जे पाहिलं ते खरंच तिथे होतं, एवढाच आनंद. मला वाईट वाटलं होतं की कुणीतरी आधीच शोधलं. त्यांना नाही वाटलं.

दर रविवारी दुकान बंद. आधी सायकल, मग लुना. यवतेश्वरचा घाट, कास, चाळकेवाडी, सज्जनगड. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गुडघ्यांवर बसून घड्याळाचं भिंग डोळ्याला लावायचे आणि खर्पुडीचं कंदिलासारखं फूल बघत राहायचे. त्या फुलाच्या नळीत आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात. माशी आत उतरते, वर येता येत नाही. पुढे केस मलूल पडले की परागकण घेऊन सुटते. हे नानांनी मला दाखवलं तेव्हा मी सातवीत होते. आमच्या विज्ञानाच्या तासाला फळ्यावर जास्वंद असायची.

शिंदळ माकुडीही त्यांनीच दाखवली, जिला आता शिवसुमन म्हणतात. कड्याच्या कपारीत, पावसात पानं, पाऊस सरला की नुसत्या बोटभर जाड फांद्या. गर्द तांबडं, पिवळ्या ठिपक्यांचं ताऱ्यासारखं फूल. जगात फक्त आपल्या सह्याद्रीत. डालझेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला फ्रेरिया नाव दिलं, मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रेअरवरून. हा फ्रेअर त्याआधी साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे राजाच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी होता आणि १८४९ मध्ये राज्य खालसा झाल्यावर इथलाच पहिला कमिशनर. पुढे फ्रेरिया ही प्रजाती (म्हणजे जातीच्या वरचा गट) मोडीत निघाली, पण जातीच्या नावात फ्रेअर राहिलाच. ज्याने गादी गेल्यावर कारभार हाती घेतला त्याचं नाव सज्जनगडच्या कड्यावर, आणि जो माणूस दर पावसाळ्यात जाऊन तिची रोपं मोजतो तो “काका”. (कुठल्या कपारीत ते नाना कुणालाही सांगत नाहीत. उपटून विकणारे असतात.)

दक्षिण आफ्रिकेत गिल्बर्ट रेनॉल्ड्स नावाचे चष्मेवाले होते. चष्म्यांचा धंदा सांभाळून आफ्रिकेभर कोरफडी शोधत फिरले, १९५० मध्ये त्यांचा जाडजूड ग्रंथ आला, आजही अभ्यासक तो उघडतात. त्यांची ओळख कुणी “कोरफडप्रेमी चष्मेवाले” अशी करून देत असेल? नाही ना?

पदवीला किंमत आहे, मान्य. डीएनए तपासायला प्रयोगशाळा लागते, ती दुकानाच्या माळ्यावर होत नाही. नानांच्या चुकाही झाल्यात. एक खर्पुडी त्यांनी पाच वर्षं चुकीच्या नावाने लिहिली होती. पण कळल्यावर ४१ वह्यांमधून शोधून शोधून प्रत्येक ठिकाणी खोडली, शेजारी तारीख घातली, कारण लिहिलं. नव्या जातीचं वर्णन २०१२ च्या आधी लॅटिनमध्येच लागायचं, म्हणून ते वाचता यावं यासाठी शब्दकोश घेऊन लॅटिन शिकले. दहावी पास माणूस. रात्री, सेल आणि काटे आवरून ठेवल्यावर.

आता थोडी शांत झालेय. त्या बाईंचा तरी काय दोष म्हणा, त्यांच्या हातात कुणीतरी कागद दिला असेल. पण तो कागद लिहिणाऱ्याला ‘अभ्यासक’ हा शब्द सुचला नाही, हे मला सहन होत नाही. पानफुटीची चव आठवडाभर वहीत उतरवणारा माणूस अभ्यासक नाही तर कोण?

हे लिहीत असताना नाना शेजारीच बसलेत. टेबललॅम्प लावलाय, डोळ्याला भिंग आहे आणि घड्याळाच्या बारीक चिमट्याने त्या कॅक्टसवरचं फूल काढतायत. तासभर चाललंय, गोंद काट्यांमध्ये गेलाय. “जोर लावला तर सालटं निघेल,” म्हणाले. सत्काराबद्दल एक शब्द नाही.

मघाशी मी गॅलरीत जाऊन पानफुटीचा तुकडा तोडून चावला. किती वर्षांनी. नानांनी मान वर न करता विचारलं, “आंबट लागलं?”

“नाही.”

“आत्ता कुठे आठ वाजलेत. पहाटे बघ.”

साडेपाचचा गजर लावलाय.