मेजर कॉम्प्युटर सायन्स, मायनर कॅथलिक स्टडीज

"मायनर (मेजर म्हणजे मुख्य विषय, त्याच्या जोडीचा दुय्यम विषय तो मायनर) कशात करतेयस?" असं कुणी विचारलं आणि मी 'कॅथलिक स्टडीज', म्हणजे कॅथलिक परंपरेचा अभ्यास, म्हटलं की समोरचा आधी माझ्या गळ्याकडे बघतो. तिथे क्रॉस दिसत नाही, मग पुढचा प्रश्न येतो: "उपयोग काय गं त्याचा?" मावशीने तर फोनवर आवाज खाली आणून "तिकडे काही दबाव वगैरे नाही ना?" हेही विचारून घेतलं. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

सुरुवात अगदी व्यवहारी होती. मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका कॅथलिक विद्यापीठात शिकते. इंजिनिअरिंगवाला असो की नर्सिंगवाली, थिऑलॉजी (धर्मशास्त्र) आणि फिलॉसॉफीचे काही कोर्स इथे सगळ्यांनाच सक्तीचे. ते करायचेच होते, त्यात आणखी दोन-तीनची भर घातली की मायनर पदरात पडतो. मग सोडा कशाला? (या नावाने स्वतंत्र विभाग काढणं ही इथेही तशी अलीकडची गोष्ट. पहिला निघाला १९९३ साली, सेंट पॉल शहरातल्या सेंट थॉमस विद्यापीठात.)

वर्गात प्रार्थना पाठ करून घेतात असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एक नमुना. तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस हा चर्चचा सगळ्यात मोठा पंडित. त्याच्या मुख्य ग्रंथात 'ईश्वर आहे का?' हा प्रश्न येतो आणि त्याखालचं पहिलंच विधान असं, की ईश्वर नाही असं दिसतं. का? तर ईश्वर अमर्याद चांगला असता तर जगात वाईट उरलंच नसतं. विरोधकाचं म्हणणं आधी, तेही पूर्ण ताकदीनिशी, मग स्वतःचं उत्तर, मग एकेका आक्षेपाचा समाचार. हजारो पानं हाच क्रम. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांतला पूर्वपक्ष-उत्तरपक्षच हा, फक्त लॅटिनमध्ये. माझी गंमत अशी, की पूर्वपक्ष नीट मांडायला मी शिकले ती परदेशात, दुसऱ्याच्या धर्माच्या वर्गात. शाळेत आम्ही ज्ञानेश्वर वाचले ते 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' एवढ्यापुरते. त्यांच्याशी वाद घालायची मुभा कुणी दिली नव्हती, आणि आम्हीही मागितली नव्हती.

सगळ्यात जास्त रंगला तो कॅथलिक सामाजिक विचारांचा कोर्स. १८९१ मध्ये तेराव्या लिओ पोपने कामगारांच्या प्रश्नावर एक परिपत्रक काढलं, 'रेरुम नोवारुम'. त्यात खासगी मालमत्तेची बाजू घेतली आहे, समाजवादाला ठाम विरोध आहे, आणि त्याच दमात मालकांनाही सुनावलं आहे: कामगाराचं घर नीट चालेल एवढी मजुरी द्या, त्यांना संघटना करू द्या. डावे-उजवे दोघेही यातलं आपल्या सोयीचं उचलतात. चर्चा चालू असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मग आपल्या मेसमधल्या कंत्राटी कामगारांचं काय?" वर्ग चिडीचूप. सरांनी खडू खाली ठेवला, थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्याचा निबंध याच्यावर." निबंध सगळ्यांनी लिहिले. मेसमध्ये काही बदललं नाही. विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर मात्र 'न्याय' हा शब्द पानोपानी आहे.

आणि हो, उपयोग विचारणाऱ्यांसाठी: मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपने चौदावा लिओ हे नाव घेतलं ते मुख्यतः या तेराव्या लिओमुळेच. तेव्हा औद्योगिक क्रांती होती, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, असं त्याने स्वतः सांगितलं. माझ्या मेजरच्या वर्गात मॉडेल कसं ट्रेन करायचं ते शिकवतात. त्याने कुणाची नोकरी जाईल हा प्रश्न परीक्षेत येत नाही. मायनरमध्ये येतो.

मध्येच एक सांगायचं राहिलं. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, शुक्रवारी मांस वर्ज्य असतं, पण मासे चालतात. त्यामुळे चर्चच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी तळलेल्या माशांची जंगी पंगत उठते. उपासाला मासे! आईला सांगितलं तर म्हणाली, "आम्ही उगाच साबुदाणा भिजवत बसलो."

आता तक्रार. हा विषय स्वतःच्या प्रेमात फार आहे. अभ्यासक्रमात आशिया आला तो सोळाव्या शतकातला धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर याच्या बोटीतून, आणि झेवियर नुसता संत म्हणून. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आणा, अशी विनंती करणारं पत्र त्याने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलं होतं, याचा उल्लेखही नाही. ते १५६० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आलं आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत राहिलं. मी हात वर करून हे म्हटलं तेव्हा कुणी अंगावर आलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं, आणि ते मला जास्त लागलं.

मग टर्म पेपर यावरच घेतला, पण दुसरी बाजूही धरून. त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचा पाद्री) १५७९ ला उतरला आणि त्याने अस्सल मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचलं. १६१६ मध्ये ते गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं, रोमन लिपीत. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा मोडून काढायचं फर्मान काढलं. एकाला इथल्या भाषेत देव सांगायचा होता, तर दुसऱ्याला ती भाषाच नको होती. सेमिनारमध्ये मी मराठीच्या स्तुतीची ती प्रसिद्ध ओवी, 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा', चालीत म्हणून दाखवली. आयोवाचा एक शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, "पुन्हा म्हण." म्हटली.

माझं मत विचाराल तर असं. 'सर्व धर्म सारखेच' छापाच्या कोर्सात सगळ्यांचीच ओळख होते आणि खोलात कुणाच्याच जाता येत नाही. एकच परंपरा घ्या, आपली नसली तरी चालेल, आणि तिच्या आतल्या लोकांसमोर बसून तिच्याशी भांडा. मी ना बाटले, ना माझी श्रद्धा उडाली. मावशीने एवढं वाचलं तरी पुरे.

पेपरला ए-मायनस मिळाला. या सेमिस्टरला सरांनी सिलॅबसमध्ये गोवा घातलाय. पूर्ण एक आठवडा. मी दोन मागितलेत, बघू.