वाडा त्यांनी उघडावा, अभिमान आपण बाळगावा

तुम्ही कोल्हापूरचे असाल तर तुम्हाला इतिहासाचा अभिमान आहे, हे वेगळं सांगायला नको. गाडीच्या मागच्या काचेवर तो लिहिलेलाच असतो. अडचण होते ती पेठेतल्या जुन्या वाड्यात पदरमोड करून घर-संग्रहालय चालवणाऱ्या चार-सहा माणसांशी कसं वागावं याची. चुकून त्यांना खरीच मदत व्हायची! तसा अनर्थ टळावा म्हणून हे लिहितोय.

आत जाण्याची घाई मुळीच करू नका. रविवारी मिसळ हाणून परतताना वाड्यापुढं बुलेट उभी करा आणि बसल्या जागेवरून विचारा, "काय मास्तर, चालू हाय न्हवं अजून?" 'अजून'वर जोर पाहिजे. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक. त्यांच्या जोडीला बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आणि कॉलेजची दोन पोरं. पावसाळ्यात सागवानी दार फुगून चौकटीत घट्ट बसतं, मास्तर खांदा लावून ते रेटत असतात. तुम्ही खाली उतरू नका. "तेल सोडा की जरा," एवढं सांगून किक मारा. पाण्यानं फुगलेल्या लाकडाला तेल काय करणार, हे मास्तर बोलून दाखवत नाहीत. असे सल्लागार त्यांना उठल्याबसल्या भेटतात.

काही द्यायची इच्छा झालीच तर माळा झाडायच्या मुहूर्तावर द्या. पाय तुटलेलं शिवणयंत्र, काटे हरवलेलं घड्याळ, कुणाचा आहे हे घरात कुणालाच न आठवणारा फेटा. "आजोबांच्या काळातलं हाय," असं म्हणून दारात ठेवा आणि पावती मागा. पुढं दर महिन्याला जाऊन आपली वस्तू दर्शनी भागात आहे की नाही ते तपासा. पंखा दिला असेल तर पात्यांवर नाव रंगवून घ्या. फिरताना नाव दिसत नाही अशी तक्रार करायला विसरू नका. पंखा बंद ठेवणं हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

सल्ल्याचं खरं कुरण मात्र दुरुस्ती आणि जतन. जुनी भिंत चुन्याची असते. चुना भिजवून मुरवायचा, त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालायचं, तो मळत बसायचा, त्यातून असं काम येणारा गवंडी आता शोधून सापडत नाही. कशाला एवढा खटाटोप? "दोन पोती सिमेंट मारा, विषय संपला," असं सांगा. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते. सिमेंटनं तोंड बांधलं की तीच ओल आत अडकते आणि गिलाव्याच्या वर जिथं वाट मिळेल तिथं फुटते. गुडघ्याएवढं सिमेंट मारलं, तर पुढच्या पावसाळ्यात कमरेएवढा पोपडा धरतो. तेव्हा तुम्ही पुन्हा जा आणि म्हणा, "काम नीट झालेलं दिसत न्हाई."

कागदांचंही तसंच. मोडीतल्या एखाद्या जुन्या पत्राला कधीकाळी कुणीतरी लोखंडी टाचणी टोचलेली असते. ती गंजून कागदात रुतून बसते. बँकेच्या बाई चष्मा कपाळावर सरकवून, नाकाला पदर लावून, ती टाचणी उपसत नाहीत. तिच्याभोवतीचा कागद बोटानं दाबून धरून, गंजाचा एकेक कण ब्रशनं झाडत, तिला सैल करत आणतात. एका टाचणीत अर्धी दुपार जाते. असल्या वेळी शेजारी उभं राहून "लॅमिनेशन करून टाका की, चौकात करून मिळतंय," असं म्हणण्यात जी मजा आहे ती दुसऱ्या कशात नाही. गरम प्लास्टिक एकदा कागदाला चिकटलं की कागद फाडल्याशिवाय ते सुटत नाही. पण दिसतं कसं, एकदम चकाचक!

पुराच्या वेळी तर तुमच्या प्रेमाची कसोटीच. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ मध्ये नदीनं तो आकडा कुठल्या कुठं मागं टाकला. पाणी चढायला लागलं की ही मंडळी ट्रंका, तसबिरी, दप्तरं माडीवर नेत असतात, आणि जिना असतो एका माणसापुरता. अशा वेळी तुम्ही फोन करा, "सगळं सुरक्षित हाय न्हवं?" मागून पाण्याचा आवाज ऐकू जाईल. जाऊ दे. तुम्ही पूर बघायला पुलावर गेलाय हे त्यांनाही कळू दे.

वेळ मागितला तर काय करायचं? ६ मे २०२२ ला शाहू महाराजांच्या स्मृती शताब्दीनिमित्त सकाळी १० वाजता कोल्हापूर १०० सेकंद जागच्या जागी थांबलं होतं. त्या १०० सेकंदांची चेष्टा करायची माझी छाती नाही. माणसं खरंच मनापासून उभी होती. मास्तर मागतात ते शनिवारचे दोन तास. मनात हिशेब करा, ७२०० सेकंद होतात! एवढा वेळ कुणाकडं असतो? "बघू की," म्हणा. आपल्या भाषेत त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

नाही तर चंद्रकांत मांडरे यांच्याकडं बघा. पडद्यावर गाजलेला हा नट उत्तम चित्रकारही होता. राजारामपुरीतलं आपलं घर त्यांनी चित्रांसकट शासनाला देऊन टाकलं, तिथं संग्रहालय झालं. आपण त्याच राजारामपुरीत आयुष्यभर कपडे घेतो, चपला घेतो. पुण्याचे पाहुणे आले की रंकाळा, अंबाबाई, तांबडा-पांढरा, आणि संध्याकाळची गाडी. पाहुण्यांनीच विचारलं, "इथं मांडरेंचं संग्रहालय आहे ना?" तर "हो हो, इथंच की," म्हणत हात साधारण पूर्वेकडं करा.

एवढं सगळं पाळलं तर एक ना एक दिवस वाड्याला कुलूप लागेलच. मास्तरांचे गुडघे गेलेले असतील, पोरं नोकरीसाठी पुण्याला, विजेचं बिल थकलेलं. आता मात्र गप्प बसायचं नाही! ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा सारं गाव हळहळलं, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. शेवटचं तिकीट कधी काढलं होतं, ते मात्र मला कुणी विचारलं नाही; तुम्हालाही विचारणार नाही. तेव्हा बेधडक सर्वपक्षीय कृती समिती स्थापन करा. निमंत्रक सात, सहनिमंत्रक बावीस. बिंदू चौकात निदर्शनं, मग जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा, 'आमचा वारसा, आमचा श्वास' असा फलक. फोटोत पहिल्या रांगेत राहा. मास्तर आले असतील तर त्यांना सावलीत बसवा, उगीच कॅमेऱ्यापुढं मोडीच्या कागदांवर बोलत बसतील. आणि निवेदन टाईप करायला देण्याआधी संग्रहालयाचं पूर्ण नाव काय होतं, ते हळूच त्यांच्याकडून विचारून घ्या.