स्पीकर लावून लायरबर्डला बाहेर काढू नका, हात जोडून विनंती

परवा शनिवारी मेलबर्नजवळच्या शेरब्रूकच्या जंगलात जे बघितलं ते मनातून जात नाहीये, म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी आहे. मेलबर्नमध्ये राहणाऱ्या आणि इकडे फिरायला येणाऱ्या, कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्या आपल्या सगळ्या मंडळींनी ती शेवटपर्यंत वाचावी एवढीच इच्छा.

जुलै महिना, सकाळचे पावणेआठ, बोटं वाकत नाहीत अशी थंडी. हार्डी गलीच्या पायवाटेवर वळणाशी चार-पाच जण उभे होते, गळ्यात भारी लेन्सा. डावीकडच्या ओघळीत एक नर लायरबर्ड, म्हणजे जमिनीवर चरणारा आणि दुसऱ्या पक्ष्यांची हुबेहूब नक्कल करणारा इथला पक्षी, जीव तोडून गात होता, दिसत मात्र नव्हता. त्यांच्यातल्या एकाने खिशातून छोटा ब्लूटूथ स्पीकर काढला, ट्री फर्नच्या (झाडाएवढ्या नेच्याच्या) बुंध्याशी ठेवला आणि लायरबर्डचंच गाणं मोठ्याने लावलं. ओघळीतलं गाणं तिथल्या तिथे तुटलं. दोन मिनिटांत तो नर झुडपातून धावत बाहेर आला. मान ताणून इकडे बघतोय, तिकडे बघतोय. त्याच्या हद्दीत कोण घुसलंय ते त्याला सापडेना. शटरचा नुसता कडकडाट चालला होता. मी जाऊन थांबवा म्हटलं, तर उत्तर आलं, "दोनच मिनिटं."

ते फोटो घेऊन निघून गेले. मी तिथेच बसून राहिले. तासाभरात त्या ओघळीतून पुन्हा एकही सूर आला नाही.

दोन मिनिटांनी काय बिघडतं, असं वाटणाऱ्यांसाठी जरा सविस्तर सांगते. लायरबर्डचं सगळं वर्ष या तीन महिन्यांवर उभं असतं. जून ते ऑगस्ट, ऐन हिवाळ्यात, नर दिवसाचे कित्येक तास गातो. जंगलात जागोजागी पालापाचोळा बाजूला सारून तो मातीचे गोल, बसके उंचवटे तयार करतो आणि त्यावर उभा राहून नाचतो. मादी त्याचं गाणं ऐकून, नाच बघून जोडीदार निवडते. पुढचं सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. काटक्यांचं घुमटासारखं घरटं तीच बांधते, अंडं घालते तेही एकच, आणि ते उबवायला जवळजवळ ५० दिवस घेते. रोज सकाळी अंडं गार पडू देऊन काही तास ती चरायला जाते, कारण तिला घास आणून देणारं कुणी नाही. पिल्लू बाहेर आल्यावरही जवळजवळ दीड महिना घरट्यातच असतं. अशा हंगामात नसलेल्या शत्रूशी भांडायला नराला पळवायचं, म्हणजे त्याचा गाण्याचा वेळ आपण चोरायचा. शेरब्रूक मेलबर्नपासून जेमतेम ४० किलोमीटरवर. दर शनिवार-रविवारी तिथे किती माणसं येतात ते पार्किंग बघून कळतं. प्रत्येकाची दोनच मिनिटं धरली तरी त्या पक्ष्याची सकाळ संपते.

मीही चुकलेय, ते सांगायला हवं. इथला माझा पहिलाच हिवाळा होता. एक मादी पाचोळा उकरत चालली होती, मी फोटोच्या नादात पायवाट सोडून तिच्या मागे उतरले. वीसेक पावलं गेले असेन, तिने अंगावर काटा येईल अशी कर्कश शीळ घातली. परत घातली. ती पळून मात्र जाईना, माझ्याभोवतीच घुटमळत राहिली. मला वाटलं, वा, किती जवळ येतेय! मग उजव्या हाताला, शेवाळलेल्या ओंडक्याच्या आडोशाला, काटक्यांचा तो घुमट दिसला. हात लांबवला असता तर पोचला असता. मी आल्या पावली मागे फिरले. त्या दिवसाचे फोटो मी कार्डावरून पुसून टाकले.

आता तुम्ही विचाराल, मग दिसायचा कसा? दिसतो हो. पण आधी ऐकावा लागतो.

पहिली खूण गाण्याची नसते, उकरण्याची असते. कोंबडी उकिरडा उकरते ना, अगदी तसा खसाखसा आवाज, फक्त दहापट जोरदार. पाय केवढे मोठे आणि नखं केवढी लांब असतात याची ते बघितल्याशिवाय कल्पना येत नाही. ला ट्रोब विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेला हिशोब असा, की लायरबर्ड वर्षाला एका हेक्टरमध्ये सरासरी १५५ टन माती आणि पाचोळा उलथतात. एवढीशी कोंबडीएवढी अंगकाठी, नांगर नाही, बैल नाही. उकरलेल्या जागेत तोंड घालायला पिवळ्या छातीचा रॉबिन नाहीतर स्क्रबरेन असा एखादा छोटा पक्षी मागेमागे असतो. तो पायाशी टुणटुण करताना दिसला की समजावं, पुढे लायरबर्ड आहे. तिथे पायवाटेवरच थांबायचं आणि खाली बसायचं. शेरब्रूकचे पक्षी माणसांना सरावलेत. बसलेल्या माणसापासून चार-पाच मीटरवर ते निवांत चरतात. उभं राहून त्यांच्या दिशेने चालायला लागलात की संपलं.

उजेड हीच खरी अडचण. वर माउंटन अ‍ॅश, म्हणजे जगातली सगळ्यात उंच वाढणारी निलगिरी, खाली ट्री फर्नचं छप्पर, आणि पक्षी मातकट तपकिरी. आठ वाजले तरी कॅमेऱ्याला संध्याकाळच वाटते. मी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ६४०० पर्यंत बिनधास्त नेते. दाणे आलेला फोटो चालतो, हललेला चालत नाही. गाताना पक्षी बराच वेळ एका जागी उभा असतो, तेव्हा शटर १/६० सेकंदाला ठेवूनसुद्धा जमतं. उकरताना १/२५० हवं. एक्सपोजर पाऊण स्टॉप कमी ठेवा, कारण गडद पक्षी बघून कॅमेरा उजेड वाढवतो आणि शेपटीची चंदेरी बाजू जळून जाते. शटर आवाज न करणारं ठेवा. फ्लॅश नकोच. ६०० मिलिमीटरच्या लेन्सची तोफही नको, नाच सुरू झाला की शेपटी फ्रेममध्ये मावत नाही.

नाचाबद्दल लिहायला मला शब्द कमी पडतात. नराच्या शेपटीत १६ पिसं. कडेची दोन रुंद आणि बाकदार, मधे दोन तारेसारखी, आणि बाकीची बारा म्हणजे नुसती झिरझिरीत जाळी. पेंढा भरलेले नमुने युरोपात गेले तेव्हा तिथल्या लोकांनी शेपटी लायर या तंतुवाद्यासारखी उभी लावली, म्हणून हे नाव. जिवंत पक्षी नाचताना ती तशी ठेवत नाही. डोक्यावरून पदर घ्यावा तशी पूर्ण पुढे ओढून घेतो, तोंडसुद्धा झाकलं जातं, आणि मग तो सगळा रुपेरी पदर थरथरायला लागतो. इथल्या दहा सेंटच्या नाण्यावर हाच पक्षी आहे, १९६६ पासून. खिशात रोज खुळखुळतो आणि कितीतरी जणांनी तो खरा बघितलेलाच नसतो.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. लायरबर्ड म्हटलं की लोक मोबाइलवरची क्लिप काढतात: कॅमेऱ्याचं शटर, करवत, गाडीचा अलार्म. ते आवाज बहुतेक करून माणसांत वाढलेल्या, पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचे आहेत. रानातला लायरबर्ड रान गातो, म्हणजे आजूबाजूच्या पक्ष्यांचे आवाज काढतो. कूकाबराचं हसणं, करावाँगची हाक, रोझेलाची किणकिण. व्हिपबर्डची जोडी एक आवाज दोघांत वाटून घेते, नर चाबूक ओढल्यासारखा आवाज काढतो आणि मादी लगेच उत्तर देते. हा एकटा दोन्ही करतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असं दिसलं, की मादी नाच सोडून निघाली की नर शत्रूला घेरलेल्या पक्ष्यांच्या अख्ख्या थव्याचा गलका एकटा उठवतो, पंखांच्या फडफडीसकट. हे सगळं सोडून आपण त्याला करवतीचा आवाज काढणारं खेळणं करून टाकलंय, याचं वाईट वाटतं.

गेल्या जूनमध्ये बाबा आले होते, आंबोलीचा पाऊस मागे टाकून. वय ७४, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, लांबचं धड दिसत नाही. त्यांना पायवाटेलगतच्या बाकावर बसवलं, कानटोपी जरा वर करायला सांगितली. दहा मिनिटं ते गप्प होते. मग हळूच म्हणाले, "गो, किती पाखरां असत हय?" बोटांवर मोजत होते, सातवर पोचले होते. मी सांगितलं की एकच आहे. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्या फर्नांकडे. "आमचो कोतवाल पण असोच करता," म्हणाले, आणि पल्लवपुच्छ कोतवाल आंबोलीच्या रानात कुणाकुणाचे आवाज काढतो ते सांगत बसले. लायरबर्ड त्या दिवशी दिसला नाही. कॅमेरा बॅगेतच राहिला. परतताना बाबांनी दहा सेंटचं एक नाणं मागून घेतलं आणि पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.

या रविवारी सकाळी सात वाजता मी ग्रँट्स पिकनिक ग्राउंडच्या पार्किंगमध्ये असेन. कुणाला यायचं असेल तर खुशाल या. गरम कपडे आणा, जळवांसाठी पायमोजे पँटवर चढवा, आणि फोन सायलेंटवर ठेवा. चहाचा थर्मास मी आणते.