सरासरी बिघडवून घेणारा माणूस

श्रीरामपूरच्या झहीर खानमुळे मला अमेरिकन बेसबॉलमधला टिम वेकफिल्ड कळला, असं म्हटलं तर बॉस्टनवाले हसतील. पण झालं तसंच. 2011 च्या वर्ल्ड कपची भारत-ऑस्ट्रेलिया क्वार्टर फायनल अहमदाबादला, आणि मी बॉस्टनच्या भाड्याच्या खोलीत पहाटे पाचला लॅपटॉप उघडून बसलेलो. झहीरने माइक हसीचा त्रिफळा उडवला तो चेंडू आठवतोय? हात फिरला नेहमीसारखा जोरात, चेंडू मात्र आरामात आला. ऑफिसात तारवटलेल्या डोळ्यांनी मी हे हातवारे करून सांगत होतो, तर शेजारच्या टेबलावरचा साठीला टेकलेला सहकारी म्हणाला, "अरे, हा तर आमच्या वेकफिल्डचा नकलबॉल!" डब्यातलं संत्रं काढून त्याने तर्जनी आणि मधल्या बोटाची नखं सालीत रुतवली, खालून अंगठ्याचा आधार दिला. रस उडाला माझ्या कीबोर्डवर.

तेव्हापासून मी या माणसाच्या नादी लागलो.

नकलबॉलची गंमत अशी, की चेंडू जवळजवळ फिरतच नाही. पिचरपासून, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यापासून, बॅटरपर्यंत साधारण अठरा मीटर, तेवढ्यात एखाददुसरी गिरकी. मग शिवण कुठल्या बाजूला येते त्यावर हवा चेंडूला कधी इकडे ढकलते, कधी तिकडे. तो कुठे जाणार हे बॅटरला कळत नाही, बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरला कळत नाही, आणि टाकणाऱ्यालाही नाही. वेग असतो ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटर, जिथे बाकीचे दीडशेने फेकतात. या पिचरांचं सगळं भांडवल म्हणजे नखं. जो नीक्रो नावाच्या अशाच एका पिचरला 1987 साली अंपायरने मैदानातून हाकललं, कारण त्याच्या खिशातून घासपट्टी निघाली आणि तिने चेंडू खरवडतो असा संशय आला. तो म्हणे नखं घासायला ठेवली होती! दहा सामन्यांची बंदी झाली. पुढे हाच जो आणि त्याचा भाऊ फिल वेकफिल्डचे गुरू झाले.

वेकफिल्ड मुळात पिचर नव्हताच. फ्लोरिडातल्या कॉलेजात तो तडाखेबंद बॅटर होता, 1988 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी त्याला घेतलं तेही पहिल्या बेसवरचा खेळाडू म्हणून. पण खालच्या लीगमध्ये त्याची बॅट चालेना. घरी पाठवायची वेळ आली तेव्हा एका कोचला आठवलं, हा पोरगा सरावात मजेमजेत नकलबॉल टाकतो. बघू या टाकून. 1992 च्या उन्हाळ्यात तो मोठ्या लीगमध्ये आला, पहिल्याच सामन्यात एकट्याने पूर्ण पिचिंग करून जिंकला. त्या मोसमात 8 विजय, 1 हार, आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीत, अटलांटाविरुद्ध दोन पूर्ण सामने जिंकले. पिट्सबर्गने त्याला डोक्यावर घेतलं. पुढच्याच वर्षी चेंडू ऐकेना. एका सामन्यात त्याच्याकडून 172 चेंडू टाकून घेतले, जिथे शंभराच्या आसपास पिचरला बाहेर काढतात. नकलबॉलवाल्याचा हात दुखत नाही, असा एक समज असतो ना! 1994 पूर्ण खालच्या लीगमध्ये, 1995 च्या एप्रिलमध्ये नारळ. आठवड्याच्या आत बॉस्टन रेड सॉक्सनी उचललं आणि तिथे तो सतरा मोसम राहिला.

आता माझा मुद्दा. आपण खेळाडूला आकड्यांनी मोजतो, मीही मोजतो, त्यात चूक काही नाही. वेकफिल्डचे आकडे: 200 विजय, 180 पराभव, नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी 4.41. ही सरासरी थोर माणसाची नव्हे. थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच मतदानात तो बाद झाला, आणि खरं सांगायचं तर मीही त्याला मत दिलं नसतं. पण 4.41 ही फक्त नेहमीच्या मोसमाची; वेगळ्या मोजल्या जाणाऱ्या प्लेऑफच्या आकड्यांत काय काय घुसलंय ते बघा.

ऑक्टोबर 2003. प्लेऑफमध्ये न्यूयॉर्क यांकीजविरुद्धच्या मालिकेतला सातवा, निर्णायक सामना. त्याच मालिकेत वेकफिल्डने दोन सामने जिंकून दिलेले. अकराव्या इनिंगमध्ये त्याच्या पहिल्याच चेंडूवर यांकीजच्या ॲरन बूनने होमरन मारला. खेळ खलास. 1918 पासून विजेतेपदाला मुकलेल्या बॉस्टनला नवा खलनायक मिळाला असंच त्याला वाटलं होतं. गावाने मात्र त्याला माफ केलं. माफ तरी कशाबद्दल म्हणा!

वर्षाने पुन्हा तेच यांकीज. बॉस्टन पहिले दोन सामने हरलेलं आणि तिसऱ्यात त्यांची धुलाई चाललेली. चौथा सामना वेकफिल्डने सुरू करायचा होता. कुठल्याही पिचरला विचारा, प्लेऑफमधली अशी सुरुवात कोणी सोडत नाही. हा बुटांच्या नाड्या बांधून मॅनेजरकडे गेला, म्हणाला मला आत्ता पाठवा. म्हणजे बाकीचे रिलीफ पिचर, मध्येच बदली येणारे, उद्यासाठी ताजे राहतील. हरलेल्या सामन्यात तो तीन इनिंगहून जास्त टाकत राहिला. त्यालाही झोडपलं. स्कोअर 19–8. त्यातल्या पाच धावा त्याच्या नावावर लागल्या. दोन दिवसांनी पाचव्या सामन्यात तो पुन्हा आला, बाराव्या इनिंगपासून चौदाव्यापर्यंत. नकलबॉलची सवय नसलेल्या कॅचर वॅरिटेककडून एकट्या तेराव्या इनिंगमध्ये तीन चेंडू सुटले, अख्ख्या बॉस्टनचा जीव टांगणीला. एकही धाव गेली नाही. 0–3 वरून रेड सॉक्सनी मालिका जिंकली, मग विजेतेपदही, 86 वर्षांनी.

तिसऱ्या सामन्यातल्या त्या मार खाण्याला कुठल्या रकान्यात टाकायचं? तक्त्यात ते फक्त अपयश दिसतं.

कॅचरचा विषय निघालाच आहे तर हे सांगायलाच हवं. वेकफिल्डचा खास कॅचर होता डग मिराबेली, भला मोठा ग्लोव्ह घेऊन बसणारा. 2005 नंतर संघाने त्याला सॅन डिएगोला देऊन टाकलं. नव्या बिचाऱ्याकडून पाच सामन्यांत दहा चेंडू सुटले. शेवटी 1 मे 2006 ला, पुन्हा यांकीजच समोर, मिराबेलीला विमानाने परत आणलं. विमानतळावरून पुढे पोलिसांची गाडी, मागे हा गाडीतच कपडे बदलतोय! चॅम्पियन संघाची ही धावपळ एका ताशी शंभरच्या चेंडूसाठी. आपल्याकडे लग्नात भटजी उशिरा आल्यावर होते तशी.

आज अशा पोराला कोणी दारात उभं करेल का, मला शंका आहे. पहिल्या दिवशी स्पीडगन लावतात. आपल्याकडच्या अकॅडम्यांतही चौदा वर्षांच्या मुलाचा बाप आधी वेग विचारतो, मी स्वतः ऐकलंय. झहीरला तो चेंडू जमला तो सगळं काही येत असल्यावर, भात्यातला आणखी एक बाण म्हणून. वेकफिल्डकडे दुसरं काही नव्हतंच.

वेकफिल्ड 1 ऑक्टोबर 2023 ला मेंदूच्या कॅन्सरने गेला, 57 व्या वर्षी. त्या रात्री मी आणि तो जुना सहकारी फोनवर बराच वेळ बोललो, बहुतेक 2011 च्या उन्हाळ्याबद्दलच. 199 विजयांवर वेकफिल्ड अडकलेला, वय 45. ऑगस्टमध्ये आम्ही फेनवेला, रेड सॉक्सच्या मैदानावर, गेलो होतो, त्या दिवशीही नाही जमलं. सात प्रयत्न वाया गेले. आठव्या वेळी, 13 सप्टेंबरला टोरांटोविरुद्ध, एकदाचा तो 200 वा विजय आला. मी टीव्हीवर बघत होतो. रेड सॉक्सनी 18 धावा कुटल्या म्हणून बरं. वेकफिल्डने सहा इनिंगमध्ये पाच दिल्या होत्या. सरासरी त्या दिवशीही थोडी वाढलीच.